६० घरांचा ओला कचरा आवारातच जिरवायचा आहे: कप्पे किती, कोरडा माल किती?

उंबरठा

६० घरं, १८० च्या आसपास माणसं. ओला कचरा एकत्र करून आवारातच खत करायचं ठरलंय. सलग सात दिवस वजन केलं: सरासरी रोज ३५ किलो, सर्वांत जड दिवस ४८ किलोचा. जागा ८ मीटर बाय ४ मीटर, वर पत्रा, खाली काँक्रीट. सध्या २०० लिटरची सहा पिंपं आहेत, बाजूंना भोकं पाडलेली आणि झाकणाची. दर बादलीमागे दोन-तीन मुठी लाकडाचा भुसा टाकला जातो.

तिसऱ्या आठवड्यातली अवस्था: तळाला काळं पाणी, ढवळलं की सडक्या अंड्याचा वास, झाकण उघडलं की चिलटांचा ढग. मधोमध तापमान ३१ अंश, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा फारसं वेगळं नाही.

पिंपं वाढवावीत की वेगळं काही बांधावं? कोरडा माल नेमका किती लागतो? 'एकास एक' पासून 'एकास तीस' पर्यंत सगळं वाचायला मिळतं. खालचं काळं पाणी झाडांना चालेल का? आणि फलकावर 'हे टाकू नका' म्हणून काय काय लिहावं?

कोरडवाहू

आधी 'एकास तीस' चा घोळ मिटवू. ते बादल्यांचं प्रमाण नाही. नायट्रोजनच्या एका भागाला कर्बाचे (कार्बनचे) २५ ते ३० भाग, असा त्याचा अर्थ. पानांमध्येही नायट्रोजन असतो आणि सालांमध्येही कर्ब असतो, त्यामुळे बादल्यांचं प्रमाण बरंच वेगळं निघतं. तुमच्याच आकड्यांवर मांडून दाखवतो.

३५ किलो ओल्या कचऱ्यात पाणी ७५ टक्के धरलं तर घन भाग पावणेनऊ किलो. कर्ब-नायट्रोजन १७ ला १ च्या आसपास, म्हणजे कर्ब साधारण ३.९ किलो, नायट्रोजन ०.२३. त्यात वाळलेल्या पानांचा चुरा १२ किलो घाला (ओल १५ टक्के, कर्ब-नायट्रोजन ५५ ला १). बेरीज कर्ब ८.८, नायट्रोजन ०.३२. भागाकार २७ ते २८. मिश्रणातली ओल ६० टक्के. दोन्ही आकडे जागेवर बसले.

म्हणजे वजनाने तीन किलो ओल्यामागे एक किलो कोरडं. दोन-तीन मुठी भुसा याच्या जवळपासही येत नाही. तुमचं सगळं दुखणं या एका ओळीत आहे: पाणी जास्त, पोकळी नाही, हवा नाही. सडक्या अंड्याचा वास हवेविना कुजणाऱ्या मालातून येतो.

आता खरी अडचण. रोज १२ किलो म्हणजे वर्षाला ४,३८० किलो पानं. चुरा केलेल्या पानांचं वजन लिटरला १०० ग्रॅम धरलं तरी हे ४४ घनमीटर झालं. न चुरता साठवलीत तर साधारण दुप्पट. एवढी जागा तुमच्या अख्ख्या शेडमध्ये नाही, आणि पानगळ काही बाराही महिने नसते. अशा योजना ओल्या कचऱ्यापायी मोडत नाहीत, कोरडा माल संपला की मोडतात. कप्पे बांधण्याआधी कोरड्याची सोय लावा.

मी अर्धा-अर्धा करीन: रोज ६ किलो पानांचा चुरा आणि साडेपाच किलो लाकडाचा भुसा. ओल तीच, ६० टक्क्यांच्या आत. प्रमाण ३१ ला १, चालेल. भुसा वर्षभर मिळतो, त्यामुळे तो साठवून ठेवावा लागत नाही. पानं मग वर्षाला २२ घनमीटरच लागतात. नुसत्या भुशावर भागवू नका. त्याचं प्रमाण ३६ च्या पुढे जातं आणि काम मंदावतं. शिवाय बारीक भुसा ओला झाला की गाळासारखा बसतो, पोकळी राहत नाही.

रोज काम करणाऱ्यांना यातलं काही पाठ करायची गरज नाही. एक बादली ओलं, एक बादली पानांचा चुरा, अर्धी बादली भुसा. चुकलंच तर कोरड्याच्या बाजूने चुकू दे. कोरड्या ढिगाला पाणी मारता येतं, ओल्यातून काढता येत नाही.

पंजाफावडं

कोरडवाहूंनी मालाचं सांगितलं, मी कप्प्यांचं सांगतो.

पिंपं वाढवू नका. २०० लिटरमध्ये ढीग स्वतःची उष्णता धरून ठेवू शकत नाही, त्याला साधारण एक घनमीटर तरी आकार लागतो. तुमच्या पिंपांना झाकणं आहेत ना? त्यांत भुसा कोरडा ठेवा. उत्तम वापर होईल.

रोजचं मिश्रण ओलं ७० लिटर, कोरडं ९० च्या आसपास. पण ओलं कोरड्याच्या फटींत बसतं, म्हणून प्रत्यक्षात १३० लिटरच्या आतबाहेर. महिन्याचे ४ घनमीटर. भरता भरता खालचं खचत जातं, त्यामुळे ३ घनमीटरचा एक कप्पा महिनाभर पुरतो. माप: दीड मीटर बाय दीड मीटर, उंची १.३ मीटर. त्याहून उंच नको, खालचा माल दाबला जातो आणि फावडं मारणाऱ्याची पाठ जाते.

असे कप्पे चार बांधा. बहुतेक नकाशांत तीन दाखवतात: एक भरतोय, एक तापतोय, एक मुरतोय. कागदावर छान दिसतं, पण तापणारा माल पलटायचा कुठे? त्यासाठी चौथा रिकामा लागतोच. चार कप्पे ओळीत म्हणजे ६ मीटर, पुढे फावडं फिरवायला दीड मीटर मोकळं सोडा.

भिंती फळ्यांच्या, दोन फळ्यांत दीड-दोन सेंटिमीटर फट. पुढच्या फळ्या खाचेतून वर सरकवून काढता येतील अशा ठेवा, एकसंध दार नको. भरलेल्या कप्प्याचं दार उघडत नाही. तळाला १५ सेंटिमीटर जाड लाकडी ढलप्या. हवा खालून शिरते, आणि थोडं पाणी सुटलंच तर त्याच पितात. उंदरांसाठी आतून ६ मिलिमीटर भोकांची जस्ताची वेल्डेड जाळी लावा, तळालासुद्धा. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ षटकोनी जाळी उंदीर कुरतडतात आणि पिल्लं तिच्यातून सरळ आत जातात.

चाळणी

रोजच्या आणि आठवड्याच्या कामाबद्दल भर घालते.

मोठे तुकडे २ ते ५ सेंटिमीटरचे करा. त्याहून बारीक, लगदा वगैरे, अजिबात नको. मिक्सरमधून काढलेला कचरा लवकर कुजेल असं वाटतं, पण पोकळी मेल्यामुळे तोच सर्वांत आधी घाण मारतो. ओतलेला माल त्याच वेळी कोरड्यात मिसळायचा. थरावर थर देऊन सोडून दिलं तर ओल्याचे थर मधेच कुजत राहतात. वरून दर वेळी ५ ते ८ सेंटिमीटर भुसा किंवा जुनं खत. चिलटांचं बरंचसं काम याच पांघरुणात होतं. अंडी बहुधा सालांवरच आलेली असतात, त्यामुळे कप्प्याला जाळी लावून चिलटं थांबत नाहीत. उघडी साल दिसू न देणं हाच उपाय. पांढुरक्या, जाड, चपट्या अळ्या दिसल्या तर त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या. घाबरू नका, त्या कचरा खातात. मात्र त्या खूप झाल्या तर माल जास्त ओला आहे असं समजा.

ओल तपासायला यंत्र नको. मूठभर आतला माल घट्ट पिळा. एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर कोरडं घाला. मूठ उघडताच गोळा फुटला आणि हात कोरडाच राहिला तर पाणी मारा.

एका गोष्टीवर मात्र खर्च कराच: ५० सेंटिमीटर दांडीचा तापमापक. रोज एकाच वेळी, मध्यावर, ३० ते ४० सेंटिमीटर खोल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ५० च्या पुढे जायला हवं. ५५ ते ६५ मध्ये रोगजंतू आणि तणांचं बी मरतं. ६५ ओलांडलं की पलटा, नाहीतर कामाचे जीवाणूही भाजतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा उघड्या ढिगांसाठीचा नियम असा: ५५ अंश किंवा जास्त १५ दिवस, आणि तेवढ्यात किमान पाच वेळा पलटी. पाच वेळा कशाला? बाहेरचा थर कधीच पुरेसा तापत नाही, प्रत्येक पलटीत त्याला आत न्यायचं असतं. म्हणून नुसतं ढवळू नका. बाहेरचा माल आधी काढून नव्या कप्प्याच्या मधोमध टाका.

कप्पा भरला की तो दुसऱ्यात पलटायचा, मग दर तीन दिवसांनी, १५ दिवसांनंतर आठवड्याला एकदा. पलटल्यावर तापमान परत चढेनासं झालं की मुरायला न्या. मुरणं महिनाभर तरी, दोन महिने दिलेत तर उत्तम.

कोरडवाहू

वास ओळखायला शिका, तापमापकाच्या आधी नाक सांगतं. सडकं अंडं: हवा नाही, पलटा आणि ढलप्या घाला. नाकात झोंबणारा अमोनिया: नायट्रोजन जास्त, भुसा घाला. आंबट, शिरक्यासारखा: सुरुवातीचं आम्ल साचलंय. या तिसऱ्यात लोक हमखास चुकतात. आम्ल मारायला चुना टाकतात आणि चुन्यामुळे नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो. त्याऐवजी दहा भागांना एक भाग तयार खत विरजण म्हणून मिसळा, कोरडं वाढवा, पलटून एक दिवस थंड होऊ द्या. आम्ल असताना ढीग ४० च्या पुढे गेला की जीवाणू अडून बसतात. थंड केला की आम्ल खाणारे जीवाणू कामाला लागतात.

काळं पाणी झाडांना नको. त्याला कुणी 'खतपाणी' म्हणो, ते न कुजलेलं सेंद्रिय आम्ल आणि क्षार आहे, मुळं जाळतं. भरत्या कप्प्यातल्या कोरड्या मालावर ओता. तापून झालेल्या किंवा मुरणाऱ्या मालावर कधीच नाही, मेलेले जंतू पुन्हा पेरल्यासारखं होतं. प्रमाण सांभाळलंत तर ओतण्याएवढं पाणी निघणारच नाही.

सध्याच्या पिंपांचं: सहाही रिकामी करा, तेवढ्याच आकारमानाची पानं आणि एक पिंपभर ढलप्या मिसळून पहिल्या कप्प्यात एकच ढीग लावा. वर १० सेंटिमीटर तयार खताचा थर, तो वास गाळून घेतो. पहिला दिवस वास येणारच, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

हिशेबी

३५ किलो हा आकडा देवाने दिलेला नाही, तोही कमी होतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल घरगुती अन्नकचऱ्याची जागतिक सरासरी माणशी वर्षाला ७९ किलो देतो, म्हणजे रोज २१६ ग्रॅम. तुमचे माणशी १९४ ग्रॅम भरतात, तेव्हा वजनं बरोबर घेतली आहेत असं दिसतं. आता आणखी एक आठवडा दोन बादल्या ठेवा: एकीत सालं, देठं, टरफलं, दुसरीत जे खाता आलं असतं ते. दुसऱ्या बादलीचं वजन फलकावर लिहा, घर क्रमांक नकोत, फक्त एकूण आकडा. ही बादली ५ किलोने हलकी झाली तर रोजचा दीड-पावणेदोन किलो कोरडा मालही वाचतो, आणि शिजलेलं अन्न कमी आल्यामुळे उंदीरही कमी येतात.

६० घरं एकदम घेऊ नका. २० घरांवर एक पूर्ण फेरी, म्हणजे भरण्यापासून चाळण्यापर्यंत, होऊ द्या. मग वाढवा. कचरा घ्यायची वेळ ठरवा, रोज सकाळी एक तास, आणि त्या वेळी कुणीतरी उभं राहील अशी पाळी लावा. चोवीस तास उघड्या झाकणात पहिल्याच आठवड्यात प्लॅस्टिक येतं, आणि एक पिशवी दिसली की दुसरी टाकायला कुणाला वाईट वाटत नाही.

चाळणी

फलकाबद्दल. 'सुका कचरा इथे' असं कोरड्या मालाच्या पिंजऱ्यावर चुकूनही लिहू नका. लोकांच्या डोक्यात सुका कचरा म्हणजे बाटल्या आणि वेष्टनं. 'फक्त वाळलेली पानं' असं लिहा.

टाकू नका: फळांवरचे स्टिकर, रबरबँड, चहाच्या कागदी पिशव्या (पुष्कळांच्या कडा प्लॅस्टिकने चिकटवलेल्या असतात), प्लॅस्टिकचं अस्तर असलेले कागदी पेले, खरेदीच्या चकचकीत पावत्या, डायपर आणि पॅड, पाळीव कुत्र्या-मांजरांची विष्ठा, झाडू मारलेला केर. हाडं आणि मांस सुरुवातीला नकोच. ढीग नेमाने ५५ गाठायला लागला की थोडं, मधोमध पुरून.

'कंपोस्टेबल' छापलेल्या पिशव्यांवर वेगळी ओळ हवी. त्यांचं युरोपीय मानक ईएन १३४३२ आहे. त्यातली कुजण्याची चाचणी ५८ अंशांच्या आसपास, सहा महिन्यांपर्यंत चालते. तुमचा ढीग १५ दिवस तापणार. पिशवी चिंध्या होऊन चाळणीत अडकेल, आणि साध्या प्लॅस्टिकपासून ती वेगळी ओळखता येणार नाही. बादल्या बिनपिशवीच्या ठेवा, तळाला कागदाचा एक तुकडा पुरे.

गांडूळप्रेमी

कुणीच गांडुळांचं नाव काढलं नाही! कप्पे, पलट्या, तापमापक, एवढा खटाटोप कशाला?

पंजाफावडं

हिशेब करा. चांगल्या परिस्थितीत गांडुळं रोज वजनाच्या निम्मं खातात. ३५ किलोला ७० किलो गांडुळं. खतासाठी वापरली जाणारी गांडुळाची जात, आयसेनिया फेटिडा, १५ ते २५ अंशांत खूश, ३५ च्या वर मरू लागते. ताजा ओला कचरा जाड थराने पडला की तो तापतो, आणि गांडुळं एक तर पळतात नाहीतर शिजतात. १५ दिवस तापून थंड झालेला माल त्यांना द्या, मुरण्याच्या टप्प्यात ती झकास काम करतात. पहिल्या टप्प्यात नाही.

बायोगॅसचंही कुणी काढेल म्हणून आधीच: ३५ किलोतून रोज साधारण साडेतीन घनमीटर वायू मिळू शकतो, पण बरोबरीने पाणी घालावं लागतं, म्हणजे रोज ६०-७० लिटर रबडी बाहेर पडते. ती मुरवायला जमीन असेल तरच विचार करा.

उंबरठा

खूपच उपयोगी, सगळ्यांचे आभार. तीन शंका उरल्या. भुसा प्लायवुडच्या कामाचा मिळतो, तो चालेल? वर्षाची २२ घनमीटर पानं शेडमध्ये मावत नाहीत. आणि खत किती निघेल, झालं हे ओळखायचं कसं?

कोरडवाहू

प्लायवुड, एमडीएफ, रंगवलेलं किंवा रसायनात मुरवलेलं लाकूड: नाही. डिंकात फॉर्मल्डिहाइडची राळ असते, आणि मुरवलेल्या जुन्या लाकडात आर्सेनिक असू शकतं. फक्त साध्या, कोऱ्या लाकडाचा भुसा. तो कमी मिळाला तर छपाई नसलेला तपकिरी पुठ्ठा तळहाताएवढा फाडून घाला, चिकटपट्टी सोलून.

पानं पिंजऱ्यांत ठेवा: १.२ मीटर चौकोनी, तेवढेच उंच, एकात पावणेदोन घनमीटर, म्हणजे १३ पिंजरे. शेडमध्ये बसतील तेवढे ठेवा, उरलेले बाहेर, पण वर ताडपत्री बांधून आणि खाली विटा किंवा फळ्या देऊन. भिजलेल्या पानांचा काय फरक पडतो बघा: पहिल्या हिशेबातली १२ किलो पानं १५ ऐवजी ५० टक्के ओलीची घेतली तर मिश्रण ६० वरून थेट ६९ टक्क्यांवर जातं. तुम्ही प्रमाण तंतोतंत पाळूनही ढीग नासतो आणि कारण सापडत नाही. साठवण्याआधी पानांवर गवत कापायचं यंत्र दोनदा फिरवा. अख्खी पानं ओली झाली की एकमेकांना चिकटून पत्र्यासारखे थर होतात. कापलेलं गवत मात्र वाळलं तरी कोरड्यात धरू नका, त्याचं प्रमाण २० ला १ च्या आसपासच असतं.

चाळणी

खत रोजचं साधारण १६ किलो धरा, महिन्याला पाऊण ते एक घनमीटर. एवढं कोण नेणार हे आत्ताच ठरवा. साचलेलं तयार खत चौथा कप्पा अडवून बसतं आणि मग पलट्या बंद पडतात.

चाळण १० ते १२ मिलिमीटरची, चौकटीवर ताणून तिरकी उभी केलेली. चाळायच्या आधी माल ४० टक्के ओलीवर येऊ द्या, ओला माल जाळी बुजवतो. वर राहणाऱ्या ढलप्या आणि काड्या फेकायच्या नाहीत, प्लॅस्टिक वेचून पुढच्या कप्प्यात घालायच्या: त्यांत जीवाणू भरलेले असतात आणि नवा कोरडा मालही तेवढा कमी लागतो.

झालं का ते पाहायला: मूठभर ओलसर खत हवाबंद पिशवीत तीन दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर ठीक, आंबट किंवा अमोनिया आला तर अजून मुरवा. आणि एक चाचणी वाटपाआधी दर खेपेला कराच: तीन कुंड्यांत खत आणि माती निम्मी-निम्मी, तीन कुंड्यांत नुसती माती, सगळ्यांत घेवड्याच्या किंवा वाटाण्याच्या बिया. तीन आठवड्यांत खताच्या कुंड्यांतली कोवळी पानं वाटीसारखी वळली, शेंडे पिळवटले, तर बाहेरून आणलेल्या गवतात किंवा पेंढ्यात क्लोपायरॅलिड नाहीतर अमिनोपायरॅलिड हे तणनाशक आलंय. ते ५५ अंशांत नष्ट होत नाही. असं खत भाजीला देऊ नका. गवताची हिरवळ असेल तर तिथे पसरा, गवताला त्याने काही होत नाही. फक्त त्या हिरवळीचं कापलेलं गवत परत कप्प्यात आणू नका.